मादीचा होकार

सकाळी सहाच्या सुमाराला दातांच्या डॉक्टरांनी माळावरच्या आडोशातून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या क्लबच्या ग्रुपवर एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मादीचा होकार.’ तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं.

फोटोतला नर म्हणजे क्लबातली मंडळी ज्याला ‘नवरदेव’ म्हणतात तो पक्षी. तांबडं फुटायच्या आत हा मादीपुढे गळा फुगवून उड्या मारत नाचतो आणि उजेड झाला की जणू आपण त्या गावचेच नाही अशा थाटात गवतात शिरतो. त्या अंधारात शटर जास्त वेळ उघडं ठेवावं, तर नाचाचा धूर होतो. लवकर मिटावं, तर हाती कोळसा. सगळा क्लब वर्षानुवर्षं धूर नाहीतर कोळसा घेऊन घरी येत होता. डॉक्टरांच्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे होते, पण नर हवेत होता आणि समोर, मान ताठ करून, चक्क मादी बसली होती.

ती मादी कशी आली, हे डॉक्टरांनी लिहिलं नाही. मादीचा आवाज फोनवरून वाजवून नराला बोलवायला क्लबात बंदी होती. नियम डॉक्टरांचाच. गेल्या वर्षी याच नियमाखाली त्यांनी वकिलांचं पहिलं बक्षीस काढून घेतलं होतं आणि ‘मुक्या जिवाची फसवणूक’ या विषयावर चहा गार होईपर्यंत बोलले होते.

आणि या वर्षी त्यांनी गवतात छोटा स्पीकर ठेवला होता. तो चमकू नये म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर पडलेली बायकोची तपकिरी लोकरीची टोपी त्यावर घातली होती. आवाज सोडला, नवरदेव आला, नाचला. कॅमेऱ्यात डॉक्टरांना तपकिरी मादी दिसली, आणि स्पीकरच्या आवाजाला भुलून खरीच मादी आली असं समजून त्यांनी बटण दाबलं.

उजाडल्यावर ते स्पीकर उचलायला गेले. मादीची ताठ मान म्हणजे टोपीचा गोंडा होता. टोपीवर नवरदेवाने एक मेलेला नाकतोडा ठेवला होता. आहेर.

फोटो मागे घेता आला असता. पण तोवर ग्रुपवर कौतुकाचा पूर लोटला होता. क्लबच्या अध्यक्षांनी या फोटोला वार्षिक प्रदर्शनातली मधली भिंत जाहीर केली होती. डॉक्टरांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि नाकतोडा झटकला.

“अहो, माझी टोपी गाडीत होती ना?” घरी बायकोने विचारलं.

“कुठली टोपी?” दात उपटून झाल्यावर ‘दुखलं का?’ विचारतात, त्या आवाजात डॉक्टर म्हणाले. टोपी तेव्हा दवाखान्यात, कवळ्यांच्या साच्यांच्या खणात होती.

प्रदर्शनात फोटो दाराएवढा मोठा करून लावला होता. कधी न येणारी बायको या वर्षी आली आणि फोटोसमोरून हलेचना. वकील तिथेच घुटमळत होते.

“काय वहिनी, कशी वाटली मादी?”

“छान आहे. मानेखाली दोन टाके सुटलेत.”

“अगं, पिसं झडतात या दिवसांत,” डॉक्टर घाईने म्हणाले.

“झडत असतील. पण हे सुटलेत. लोकर संपत आली होती तेव्हा, मला आठवतंय ना.”

वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक फोटोला टेकेपर्यंत पुढे झाले आणि बराच वेळ तसेच राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा वर्षभराची बद्धकोष्ठता सुटल्यासारखा मोकळा दिसत होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तक्रार केली: कॅमेऱ्यातली मूळ फाईल दाखवा, नाहीतर फोटो उतरवा आणि नियम करणाऱ्याला समितीतून काढा. तक्रारीची चौकशी नीतिसमितीच्या प्रमुखांनी करायची असते. प्रमुख डॉक्टरच. त्यांनी स्वतःला खुलासा मागितला, मग स्वतःच्या विनंतीवरून स्वतःला मुदत वाढवून दिली. क्लबात हसू फुटलं, तेव्हा अध्यक्षांनी प्रकरण भर सभेत घ्यायचं ठरवलं.

“वकिलांचा फोन आला होता,” जेवताना बायको म्हणाली. “टोपी बघायला मागत होते.”

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. “तू काय सांगितलंस?”

“हरवलीय म्हटलं. खरं तेच सांगितलं. हरवलीच आहे ना?”

डॉक्टरांनी आमटीचं भांडं पुढे ओढलं.

“मग ते म्हणाले, वहिनी, तशीच दुसरी विणून सभेत आणाल का? मी म्हटलं, बघते. पहिली मिळाली तर कशाला विणायची?”

सभा येत्या रविवारी आहे. मूळ फाईल अजून कोणी पाहिलेली नाही. कार्ड खराब झालंय, असं डॉक्टर सांगतात. दवाखान्यातला खण बंद आहे. घरी तपकिरी लोकर आली आहे, आणि काल संध्याकाळपर्यंत टोपी कानापर्यंत विणून झाली होती. गोंडा राहिलाय.