कोठीचं दुसरं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे आणि माझा स्वभाव मुळीच गोड नाही. अलीगढला घडलो आणि रत्नागिरीच्या जहीरचाचांच्या ट्रंकेला लटकून कुवेतला आलो. चाचा तिथल्या कोर्टात दुभाषी होते. दिवसभर लोकांची भांडणं दोन भाषांतून ऐकायची, हेच त्यांचं काम. माझ्या ट्रंकेत मात्र दोन सदरे आणि एक शाल होती. ती चोरणार कोण?

मग १९९०चा ऑगस्ट उजाडला. इराकी सैन्य शहरात घुसलं, दुकानं ओस पडली. आमच्या इमारतीतल्या मराठी कुटुंबांनी तांदूळ, डाळ, दुधाची पावडर वॉचमनच्या रिकाम्या खोलीत एकत्र ठेवली. तीच आमची कोठी. रिफायनरीतले इंजिनिअर देवदत्त कमिटीचे अध्यक्ष झाले. त्यांनी दाराला चकचकीत कुलूप ठोकलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि नियम केला की, कोठीतला दाणाही इमारतीबाहेर जाणार नाही.

नर्स विजयाताईंनी आपल्या वाट्याची पावडर हॉस्पिटलातल्या एका आई गेलेल्या बाळाला नेली. देवदत्तांनी काही न विचारता त्यांचा वाटाच तोडला. ताईंची छोटी सोनल दूध मागायची आणि ताई तिला साखरपाणी द्यायच्या. मला तो माणूस तेव्हापासून डोळ्यांसमोर नको झाला.

भांडण जहीरचाचांकडे आलं. जिन्यातच बैठक बसली.

"चाचा, युद्ध चालू आहे. इथे कसलं कोर्ट मांडताय?" देवदत्त म्हणाले.

"भांडण नसतं तेव्हा कोर्ट लागतं कुणाला?" चाचा म्हणाले. "नियम तुम्ही करा, कमिटी तुमची आहे. पण नियम करणारा, पकडणारा आणि शिक्षा देणारा एकच माणूस नको. कुणाचा वाटा तोडायचा तर आधी सगळ्यांसमोर त्याचं ऐकायचं. आणि आमच्या मशिदीच्या पेटीला दोन कुलपं असतात, किल्ल्या दोघांकडे. तुमच्या देवळात?"

देवदत्तांच्या गावच्या दानपेटीलाही दोन कुलपं होती. त्यांनी दुसऱ्या कुलपाला होकार दिला.

त्याच दिवशी मला कोठीच्या दारावर चढवलं, माझी किल्ली चाचांकडे राहिली आणि ताईंचा वाटा सुरू झाला. शेजारच्या चकचकीत कुलपाशी माझं कधी पटलं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसलं ते. देवदत्त तर मला 'गंजका डबा' म्हणायचे. पण पुढे कसलाही तंटा निघाला की लोक पहिल्यांदा विचारत, "चाचांच्या निवाड्यात काय ठरलंय?" वाटणी अध्यक्ष ठरवत. वाटा तोडणं मात्र त्यांच्या एकट्याच्या हातात राहिलं नाही.

चाचा बसने अम्मानच्या वाटेने मायदेशी गेले. जाताना त्यांनी माझी किल्ली विजयाताईंना दिली. ताई देवदत्तांशी एक शब्द बोलत नव्हत्या, बहुधा म्हणूनच दिली.

थंडीच्या दिवसांत इमारतीतल्या फारूकने देवदत्तांना फाटकाशी सैनिकांच्या हाती तांदळाचं पोतं देताना पाहिलं. झालं, इमारतीतले लोक पेटून उठले. "स्वतःचा नियम स्वतःच मोडला. तोडा याचा वाटा," फारूक ओरडला. सगळे ताईंकडे बघू लागले. माझ्या तर मनात उकळ्या फुटत होत्या.

ताई म्हणाल्या, "आधी त्यांचं ऐका."

देवदत्त खाली मान घालून बोलले. "ते झडतीला वर निघाले होते. वर तुमच्या-आमच्या पोरी होत्या. पोतं माझ्या वाट्यातून साठवलेलं होतं, ते देऊन परत पाठवलं."

फारूकने मागणी मागे घेतली. वाटा तुटला नाही.

"ताई, तुमच्या वेळी मी ऐकलं नव्हतं," देवदत्त म्हणाले.

"ठाऊक आहे. तुम्ही मला आजही आवडत नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यात किल्ली फिरवली. "वाटा घ्या."

युद्ध संपलं, कोठी रिकामी झाली. आता मी ताईंच्या बाल्कनीत पडून आहे. जळत्या तेलविहिरींची काजळी माझ्या पोटात गेली आहे आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेत, गावात असं दुसरं कुलूप असेल तर त्याला अधूनमधून खोबरेलाचा थेंब द्या. अध्यक्ष भला माणूस आहे म्हणून ते काढून ठेवू नका. मला विचाराल, तर देवदत्त मलाही अजून आवडत नाहीत. पण त्या दिवशी मी गंजून बसलो असतो, तर त्यांच्यासाठी उघडलो नसतो.