एकट्या कोकराचं डालं

रुपालीचं हे वागणं मायाक्काला बिलकूल पटलेलं नव्हतं. नात सोलापूरच्या विद्यापीठातून चार दिवसांसाठी सांगोल्याकडं घरी येते काय, आणि तीन दिवस लॅपटॉपपुढं तोंड पाडून बसते काय! ताटात भाकरी वाळते, हाक मारली तर नुसतं 'हूं'. आणि मायाक्कानं तर गावभर सांगून ठेवलेलं : "माजी नात डाक्टर व्हनार. सुया टोचनारी न्हवं, अणूची!"

चौथ्या दिवशी सकाळी तिनं विचारलंच, "काय बिनसलंय गं?"

"आज्जी, अणूच्या पोटात कण जोडीजोडीनं ऱ्हात्यात. त्येंचं गणित मी दोन रीतींनी केलंय. एक झटपट, दुसरी एकेक कण धरून. समद्यांच्या जोड्या लागल्या की उत्तरं जुळत्यात. एक जरी एकटा उरला, तर झटपटवाली भलतंच सांगती. सोमवारी सरांना जुळवून दावलं न्हाय, तर माजा प्रबंध वर्षभर लांबला."

"बसून जुळतंय व्हय? ऊठ. मेंढरं चरायला गेली, कोकरं झाक."

अंगणात अकरा कोकरं बागडत होती. एका डाल्याखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली, दोन, हा घरचा रिवाज. रुपालीनं तंद्रीतच एक कोकरू एका डाल्याखाली घातलं. मग दोन्ही काखांत दोन घेऊन आली आणि तेच डालं उचलायला लागली.

"आगं ए शिकलेले! त्यात एक हाय न्हवं? तितं जोडी कशी मावंल? एकट्यानं डालं धरलं, की ते जोडीच्या मोजनीतनं गेलं!"

रुपाली जागच्या जागी थिजली.

"आज्जी... मी एकट्या कणाची जागा जोड्यांना मोकळीच ठिवली की!"

कोकरं तिथंच सोडून ती आत पळाली. कोकरं चौखूर उधळली, आणि या वयात त्यांच्यामागं धावायची पाळी मायाक्कावर आली.

दुपारी रुपाली बाहेर आली ती हसत, डोळे पुसत. "जुळलं! केसाएवढा फरक उरलाय, तेवढा झटपट रीतीत ऱ्हातोच."

मायाक्काचा जीव भांड्यात पडला. पण तोंडावर दाखवील तर ती मायाक्का कसली! जोड्या झाकून उरलेलं अकरावं कोकरू नातीच्या हातात कोंबत ती म्हणाली,

"हुशार हायस, न्हाय म्हनत न्हाय. पर तीन दिस उपाशी झुरन्याआदी आज्जीला इचारायला तुजी जीब झिजत हुती व्हय? आता ह्येला झाक, भाकरी खा, आन् मग खुशाल डाक्टर हो."