भांडण काकूचं, भाकरी आईची

आमच्या गल्लीत भांडायचं असलं की दमयंतीकाकूला बोलावतात आणि भाकरी हवी असली की माझ्या आईला. दोघी जावा. खरं तर काकू दोन्हींत सरस. आईची एक भाकरी थापून होते तोवर काकूच्या दोन. पण आईचं एक भांडण उरकेपर्यंत काकूची दहा होतात, कारण आई मधेच समोरच्याला चहा विचारते. म्हणून दोघींनी वाटणी केली. सगळ्या भाकऱ्या आईच्या, सगळी भांडणं काकूची. टँकरवाला, बिल्डरचा माणूस, आमच्या दारात गाडी लावणारा समोरच्या टॉवरमधला साहेब, सगळे काकूकडे.

हे इतकं सुरळीत चाललं की काकू भाकरी विसरली आणि आई रागवायचं विसरली. मी बाईक ठोकून आलो, तर आईने भिंतीपलीकडे हाक मारली, "जाऊबाय, याला जरा ओरडता का? माझे हात पिठात हायत." काकू आली, ओरडली, आणि जाताना चार भाकऱ्या घेऊन गेली.

अडचण झाली निशाची. निशा काकूची मुलगी. तिचं मोरा बंदरावरच्या कुंदनवर प्रेम. त्याच्या आई मालूमावशी रविवारी त्याला घेऊन मुलगी बघायला येणार होत्या, आणि त्यांच्या घरची रीत अशी की मुलीने समोर बसून तांदळाची भाकरी थापायची. निशा वाढली काकूच्या खात्यात. पिठाशी तिचा संबंध फक्त गिरणीवाल्याला झापण्यापुरता.

"तुमी गप बसायचं," आईने काकूला बजावलं. "गोड बोलायचं काम माझ्याकडं."

"गप बसायची सवय नाय गो मला. सुपारी धरते तोंडात."

रविवारी निशाने भाकरी थापली. ती आधी ऑस्ट्रेलियासारखी झाली, मग परातीत पडली.

"आईनं काय शिकवलंच नाय वाटतं," मालूमावशी म्हणाल्या.

काकूने सुपारी थुंकली. मी खिडक्या लावल्या. शेजाऱ्यांनी आपापल्या उघडल्या.

मालूमावशीही कच्च्या नव्हत्या. मोऱ्याच्या बंदरावर अख्ख्या कोळीवाड्याच्या वतीने बर्फवाल्याशी त्याच भांडतात. आईने दोनदा चहा आणला. दोघींनी तो प्यायला आणि पुढे चालू ठेवलं. कुंदनचा चेहरा उतरला.

शेवटी निशा पिठाच्या हातांनी उठली. "आई, तुझा मुद्दा मघाशीच संपला, आता नुसता आवाज हाय. आनि मावशी, तुमच्या घरात भाकरी करतं कोन?"

मालूमावशी पहिल्यांदाच अडखळल्या. "कुंदन. बोटीवर जेवन तोच करायचा ना. मला कुटं सवड?"

"मग माझी भाकरी कुनाला पायजे?"

कुंदनने मुकाट्याने परात ओढली. त्याची भाकरी तव्यावर टम्म फुगली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालूमावशी मात्र भाकरीकडे नाही, निशाकडे बघत होत्या. ताजी सुरमई बघावी तशा. "माझा घसा यंदा बसलाय," त्या म्हणाल्या. "ही पोर मला द्या."

लग्न ठरलं. हळदीच्या भाकऱ्या नवरदेव थापणार आहे. हॉलवाल्याशी भाड्याचं बोलायला निशा एकटीच गेली होती. अर्ध्या तासाने हॉलवाल्याचा आईला फोन आला, तुमच्याकडे गोड बोलणारं कुणी आहे का म्हणून.

आई आता भाकरी घेऊन त्याच्याकडे गेलीय.