शनिवारची यादी

नीतूच्या त्या दोन ओळी मीच छापल्या होत्या. सरांनी त्या वर्गात वाचल्या, पोरं हसली, हे सगळं त्यानंतरचं.

साकोलीत हायवेच्या अंगाला संजीव सरांची अभ्यासिका आहे. पोलीस, तलाठी, वनरक्षक अशा भरत्यांची पोरं-पोरी तिथं दिवसभर बसतात. मी तिथलं ऑफिस सांभाळायची. माझं माहेर कोष्ट्यांचं, वडिलांचा जन्म हातमागावर गेला. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मला खुर्चीवरची नोकरी लागली, याचा घरात सगळ्यांना अभिमान होता.

सराव परीक्षेत कोणी कॉपी करू नये म्हणून सरांनी एका कंपनीचं एक्स्टेन्शन घेतलं होतं. प्रत्येकानं तो छोटा प्रोग्राम आपल्या लॅपटॉपच्या ब्राउझरला जोडायचा. वरच्या कोपऱ्यात एक हिरवं चिन्ह दिसायचं, बस. जोडताना मशीन विचारायची, सर्व वेबसाइटवरची तुमची सर्व माहिती वाचू द्यायची का? मीच पोरांना सांगायची, "दाबा रे 'परवानगी द्या', नाही तर पेपर उघडत नाही." चौतीस जणांनी दाबलं. ते वाक्य ना त्यांनी नीट वाचलं, ना मी.

पेपर संपला तरी ते चिन्ह जागंच राहायचं. पोरं घरी जाऊन काय शोधतात, काय उघडतात, सगळं नावानिशी कंपनीकडे जमा व्हायचं आणि तिथून सरांच्या कॉम्प्युटरवर यायचं. दर शनिवारी मी त्याची यादी काढून द्यायची आणि सर ती वर्गात वाचायचे. कोणी क्रिकेटचा स्कोअर पाहिला, कोणी गाणी ऐकली, कोणी चपला शोधल्या. सगळे हसायचे. मीही हसलेली आहे, खोटं कायले बोलू?

मार्चमधल्या एका शनिवारी यादीत नीतूचं नाव आलं. नीतू बारा किलोमीटरवरच्या गावातली, ढिवरांची पोर. वडील बुधराम तलावात जाळं टाकतात, आई रेवताबाई साकोलीच्या बाजारात मच्छी विकते. तिला वनरक्षक व्हायचं होतं. रोज सकाळी धावून मग बसनं यायची आणि खिडकीजवळच्या जागेवर मान खाली घालून बसायची. तिच्या नावासमोर दोन ओळी होत्या. 'सिकलसेल वाहक मुलगी भरतीत बाद होते का.' आणि 'सिकलसेल वाहक लग्न.'

आमच्या भागात हा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे आणि घरोघरी लपवलेला आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण होत आलेली सोयरीक मोडायला तेवढा एक शब्द पुरतो.

यादी घेऊन मी सरांच्या खोलीत गेली. "सर, नीतूचं नका वाचू."

"काहून?"

"खासगी आहे ते."

"मॅडम, अभ्यासाच्या टाइमले कायचं खासगी? एकाले सोडलं की उद्या सगळेच म्हणतीन."

मी त्या ओळी खोडू शकत होती. खोडल्या नाहीत. नोकरी सरांची, यादी सरांची, असं मनाला सांगितलं आणि कागद टेबलावर ठेवला.

सरांनी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. वर म्हणाले, "नीतूबाई वनरक्षक होऊन राहिल्या की डॉक्टर?" तीन-चार जण हसले. बाकीचे वळून तिच्याकडे पाहू लागले, आणि ते पाहणं हसण्याहून वाईट होतं. नीतूनं लॅपटॉप मिटला, चार्जरची वायर गुंडाळली आणि कोणाकडेही न बघता निघून गेली.

मंगळवारी बाजार आटोपून रेवताबाई आली. रिकामी टोपली तिनं दाराबाहेर ठेवली आणि सरांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"मास्तर, माह्या पोरीच्या रक्तातलं तुमाले कोनं सांगतलं?"

"बाई, बसा आधी. पोरं काय पाहतात ते आमाले पाहावं लागते. अन् तुमच्या पोरीनंच परवानगी दिली. बटन तिनं स्वतः दाबलं."

"पेपरासाठी देल्ली न? पावना घरात घेतला म्हून त्यानं संदूक उघडाची का?"

"इंटरनेटवर कोणाचंच काही लपत नाही, बाई. मोठमोठ्या कंपन्याही पाहतातच."

"मोठा चोर सापडला नाई म्हून लहान चोर साव झाला का?" तिचा आवाज चढला. आत अभ्यासाला बसलेली पोरं उठून दाराशी आली. "पोरीले डाक्टरले इचाराची लाज वाटली. मले तर काहीच माईत नाई, मले काय इचारन? म्हून तिनं मशीनले इचारलं. तीन बाया घरी येऊन गेल्या, पोरीले काय रोग हाय म्हून. तीन दिस झाले, पोरगी घराबाहेर निंगून नाई राहिली. तो कागद कोनं काढला?"

मी म्हटलं, "मी."

ती माझ्याकडे वळली. "तुले वाचता येते न, बाई?"

"येते."

"मले नाई येत. माह्या हातून झालं असतं तर अडानी म्हून सोडलं असतं. तू वाचून छापलं."

टोपली उचलून ती गेली.

दुपारी सर जेवायला गेले तेव्हा मी कंपनीकडून आलेली ती सगळी नोंद पहिल्यांदा उघडून पाहिली. आतापर्यंत मी फक्त शनिवारचं पान पाहत होती. एकाच लॅपटॉपवर अख्खं घर बसतं. कोणाच्या वडिलांचं बँकेचं पान होतं, कोणाच्या आईचा दवाखान्याचा रिपोर्ट, कोणाच्या बहिणीनं नवऱ्याचा मार थांबवण्यासाठी शोधलेला फोन नंबर. यांतल्या कोणी कोणतं बटन दाबलं होतं? मला सरांचा संताप आला, आणि तितकाच स्वतःचा.

मी वर्गात गेली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ते चिन्ह कुठं शोधायचं, कुठं दाबलं की निघतं. सांगितलं, "हे तुमचा पेपर नाही पाहत, तुमचं घर पाहते. काढून टाका."

"मॅडम, पेपर कसा देऊ मग?" एकानं विचारलं.

"पेपराच्या दिवशी जोडा. झाला की काढा."

सर परत आले तेव्हा फळा भरलेला होता. त्यांनी तो स्वतःच्या हातानं पुसला. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले.

"येत नाही," मी म्हटलं. "पण नीतूचं नाव पुसा. फळ्यावरचं पुसलं तसं."

ते त्यांना करता येत नव्हतं. ती माहिती कंपनीकडे होती.

एकवीस जणांनी तेव्हाच एक्स्टेन्शन काढून टाकलं. शनिवारची यादी वाचणं सरांनी बंद केलं, असं ऐकते. कंपनीला मी पत्र पाठवलं, उत्तर नाही. दुसरं पाठवलं, 'आपली विनंती मिळाली' एवढंच आलं. मग एप्रिलमध्ये नीतूच्या गावी गेली. ती तलावाच्या पाळीवर धावत होती. मला पाहून थांबली. मी माफी मागितली.

"कंपनीतून माझं नाव निंगलं का?"

"अजून नाही."

"मग माफी कायची मागून राहिल्या, मॅडम? आधी ते काढा."

तिसरं पत्र नीतूनं स्वतः लिहिलं. खाली माझी आणि त्या एकवीस जणांची सही. रजिस्टर पोस्टानं गेलं. जूनमध्ये उत्तर आलं की नीतूची माहिती कायमची काढून टाकली आहे. खरंच काढली का, हे कळायला आमच्याकडे काही मार्ग नाही. मी कागद घेऊन तिच्याकडे गेली. तिनं तो दोनदा वाचला.

"अन् बाकीच्यांचं?" ती म्हणाली.

तिनं घरातून कोरा कागद आणला आणि आम्ही चौथं पत्र लिहायला बसलो.