गाळावरची अक्षरं

यास्मिननं कार्ड पुढं केलं. समोरच्या मुलीनं ते दोन्ही हातांत धरून चारही ओळी एका दमात वाचल्या आणि विचारलं, "अजून हाय का?"

"नाही, एवढंच."

यास्मिननं फॉर्मवर 'उतारा' या वाचनाच्या सगळ्यात वरच्या पायरीभोवती गोल केला. सकाळपासूनचा हा सातवा गोल होता.

डिंभे धरणाच्या पाण्याकाठच्या या वस्तीत असं व्हायला नको होतं. एक संस्था आसपास दुपारचे वाचनवर्ग चालवायची. त्या वर्गांमुळं मुलं खरंच वाचायला लागतात का, हे पुण्यातला एक अभ्यासगट तपासून देणार होता, आणि जुन्नरची यास्मिन त्यांच्यासाठी दारोदार चाचण्या घेत होती. वर्ग पलीकडच्या काठावर होता. या काठावर तुलनेसाठी मुद्दामच ठेवला नव्हता. दोन्हीकडची मुलं सारखीच वाचू लागली, तर वर्गाचा उपयोग दिसणार कसा? वर्ग पुढं चालवायचे की नाही, ते याच कागदांवर ठरायचं होतं. आणि घरी बसून फॉर्म भरल्याबद्दल गेल्याच आठवड्यात एकाला काढलं होतं; हे गोल पाहून तिच्यावरही तोच संशय आला असता.

"कोण शिकवतं गं तुम्हाला?"

मुलीनं पाण्याकडं बोट केलं.

एप्रिलमध्ये धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळावर अक्षरं होती, हातहातभर मोठी. वरची वाळून भेगाळलेली, खालची अजून ओलसर. पाणी जसं मागं हटत गेलं तसं कुणीतरी त्याच्यामागून लिहीत गेलं होतं. यास्मिन त्यांच्या कडेकडेनं उतरू लागली. 'अ' गेला, 'ब' गेला, मग 'कमळ', 'बदक'. उन्हात समोरचं पाणी थरथरत होतं, डोंगर त्यात उलटे झाले होते, आणि तिला वाटलं, आपण एखाद्या पुस्तकात चालत निघालोय. अगदी पाण्याशी एक अख्खं वाक्य होतं: 'होडी दूर गेली.' त्याच्या टोकाला होडीत बसून एक बाई जाळं सोडवत होती. चिमाबाई.

चिमाबाई रोज मासे विकायला पलीकडं जायची.

"पाटी रिकामी झाली की वर्गाच्या दारात बसते," ती म्हणाली. "परयागबाई शिकवती, लई चांगलं. मला कदी कुनी ऊठ म्हनलं न्हाई. हिकडं आले की इसरायच्या आत लिवून काढते. पोरं आपसूक जमत्यात."

यास्मिननं तिला तुलनेचं सगळं समजावून सांगितलं. चिमाबाईचे हात थांबले.

"म्हंजी आमच्या पोरांना येत न्हाई, आसं दिसाया पायजे व्हतं?"

"तसं नाही, मावशी..."

"मग जायाचं बंद करू का? तू म्हन. माझ्यापायी वर्ग बंद पडाया नगं."

संध्याकाळी घोडेगावच्या एसटीडी बूथवरून यास्मिननं पुण्याला फोन लावला. अभ्यासाचं काम रिद्धी बघायची. मूळ मंचरच्या दुकानदार घरातली.

"रिद्धीताई, त्यांना वर्गात बसू नका म्हणून सांगू का?"

"नको," रिद्धी म्हणाली. "जे दिसलं ते सगळं लिही. गाळाचंही लिही."

यास्मिननं लिहिलं. शेऱ्याचा रकाना पुरला नाही, तेव्हा तिनं मागची बाजूही भरली.

दिवाळीनंतर अहवाल आला. दोन्ही काठांच्या मुलांत फरक थोडा निघाला होता, आणि तो का थोडा, याला त्यात अख्खं पान दिलं होतं. संस्थेनं वर्ग बंद केले नाहीत. फक्त डिंभ्याकाठचा वर्ग उचलून दूरच्या एका गावात नेला. इथं आता तेवढी गरज नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पुढच्या मे महिन्यात यास्मिन चाचण्यांच्या दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा त्या वस्तीत आली ती मनातल्या मनात माफी जुळवत. उतारावरून तिनं पाहिलं, तर गाळात वीसेक मुलं होती. निम्मी तिच्या ओळखीची नव्हती.

"ती पल्याडची," चिमाबाई म्हणाली. "वर्ग गेला ना त्यांचा. होडीतनं घिऊन येते."

"मावशी, माझ्या लिहिण्यामुळं..."

"ते ऱ्हाऊ दे. बरी आलीस. जोडाक्षरं निम्मीच झाली व्हती बघ, आन् वर्ग गेला." तिनं ओल्या गाळात काठी टेकवली. "चंद्रामधी द आन् र कसं बसत्यात गं? दोन दिस झालं, पोरं इचारत्यात."

मुलांच्या माना वर झाल्या. चाचणी घेणाऱ्यानं वस्तीत काहीही शिकवायचं नाही, असं नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि खाली यास्मिनची सही होती. उद्या तिला याच मुलांची चाचणी घ्यायची होती.

तिनं कोऱ्या फॉर्मांची पिशवी दगडावर ठेवली, चपला काढल्या, सलवार घोट्याच्या वर दुमडली आणि चिमाबाईच्या हातातली काठी घेतली.