नणंदेचा अर्ज

रौशनने बावीस वर्षांत सारीबुलाक गावातल्या निम्म्या माणसांना सुई टोचली होती. कुणाचा हात आधीच आखडतो, कोण डोळे मिटतो, कोण सल्ला विचारायला येऊन गोळ्या मागून जातो, हे सगळं तिच्या डोक्यात टिपून ठेवलेलं होतं. उपकेंद्रात डॉक्टर महिन्यातून एकदा उगवायचा. बाकीचे दिवस डॉक्टर म्हणजे रौशनच. कागदावर मात्र ती नववीनंतर नर्सिंगचं कॉलेज केलेली साधी नर्स. नवे नियम आल्यापासून तर तिच्याच हाताखाली सलाइन लावायला शिकलेल्या पोरी पदवी घेऊन तिच्या वरच्या जागेवर बसायला लागल्या होत्या. म्हणून घरातल्या पोरीने, कोर्लानने, थेट पदवीच घ्यायची, हे रौशनने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पदवीची दारं तिने एकेक करून ठोठावली. सरकारी अनुदानाची जागा परीक्षेच्या गुणांवर मिळे. कोर्लानला तीन गुण कमी पडले. फी भरून घ्यायच्या जागेकडे दोघी नुसत्या बघून परतल्या. मग होता दोन वर्षांचा सहायक नर्सचा डिप्लोमा. आधी तो, मग नोकरी, मग नोकरी सांभाळून पदवी. ही रौशनचीच वाट होती, आणि त्यातल्या दुसऱ्या 'मग'पाशी लग्न, बाळंतपण आणि गुरं कशी आडवी येतात हे तिला कुणी सांगायला नको होतं.

उरलं एक दार. जिल्हा आरोग्य कार्यालय दरवर्षी एका मुलीला आपल्या खर्चाने शहरात पदवीला पाठवी. शिकून झालं की पाच वर्षं जिल्ह्यातच काम करायचं. आणि आई किंवा बाप, दोघांपैकी एकाची खेड्यात वीस वर्षं आरोग्यसेवा झालेली हवी.

"अगं, ही अट तुला समोर बसवूनच लिहिलीय," उपकेंद्र झाडणारी बाई म्हणाली होती.

कार्यालयाच्या खिडकीत मक्पाल नावाची लठ्ठशी, हसरी बाई बसली होती. सेवेचा दाखला बघून ती खूश झाली. मग जन्मदाखला उघडला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"आई कुल्पाश. बाप सेर्केबाय. आणि तुम्ही हिच्या कोण?"

रौशनने खिडकीच्या गजाकडे पाहिलं. "कागदावर… वहिनी."

"म्हणजे नणंदेचा अर्ज घेऊन आलात होय!" मक्पाल खो खो हसली. मग हळूच पुढे वाकली. "रीतीप्रमाणे पहिलं लेकरू सासऱ्यांच्या मांडीवर घातलं?"

"चाळिसाव्या दिवशी."

"मीपण आजीचीच. माझ्या आईला अजून वहिनीच म्हणते."

नोंदणीला सासरे, सेर्केबाय, स्वतः गेले होते. तिथला कारकून त्यांच्याच कुळातला. बावन्न वर्षांच्या कुल्पाशला मुलगी झाली, हे त्याने भुवईसुद्धा न हलवता लिहून घेतलं. गावाला माहीत होतं, कोर्लानला माहीत होतं. फक्त बोलायचं कुणी नाही.

"सासूबाई आरोग्यखात्यात होत्या का?" मक्पालने आशेने विचारलं.

"सरकारी गोठ्यावर गाई दोहायच्या. पदक आहे त्यांना."

"गाईंचं पदक कुठे चिकटवू मी?" मक्पालने उसासा टाकला. "ऐका. शुक्रवारपर्यंत फाइल माझ्या टेबलाखाली ठेवते. सासूबाईंनी जन्मनोंदणी कार्यालयात येऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं, पोर माझी नाही, सुनेची आहे. तेवढी जबानी आणा. बाकीचं निस्तरता येईल."

नवरा तेमिरखान मेंढरं घेऊन वरच्या कुरणात. तिथे फोन लागत नाही. लागला असता तरी तो 'आईला विचार' एवढंच म्हणाला असता. रौशनने संध्याकाळी चहा ओतला, सासूच्या कपात नेहमीसारखा मानाचा अर्धाच, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल तोंड उघडलं.

कुल्पाशने कप संपवला. पुन्हा पुढे केला. तोही संपवला.

"एवढंच ना?" म्हातारी म्हणाली. "पोरीचं भलं होतंय. सांगते की."

शुक्रवारी तिने पांढरंशुभ्र शिरवस्त्र बांधलं आणि पदक लावलं. शेजाऱ्याच्या गाडीत कोर्लान आपल्या अपाचा, म्हातारीचा, धडा घेत होती.

"अपा, म्हण बघू."

"लेकरू सुनेचं. मी नुसतं वाढवलं."

"चेहरा असा नको. बकरी हरवल्यासारखा दिसतोय."

"गप गं! वहिनीवर गेलीस अगदी," म्हातारी म्हणाली, आणि तिने जीभ चावली. मग तिघीही हसल्या.

जन्मनोंदणीचा अधिकारी टाय लावलेला कोवळा पोरगा होता. म्हातारीला बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली. "आजी, एकच प्रश्न. ही मुलगी तुमची आहे का?"

कुल्पाशने शेजारी पाहिलं. कोर्लान तिची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"माझी नाही तर कुणाची?" म्हातारी म्हणाली. "साखर दातांनी फोडून हिच्या तोंडात घातलीय मी."

"आजी, नीट ऐका. जन्म कुणी दिला?"

म्हातारीचे ओठ हलले. लेकरू, एवढंच निघालं. पोराने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने पदक मुठीत धरलं होतं आणि डोळ्यांतलं पाणी सुरकुत्यांतून वाट काढत होतं.

पोराने पेन खाली ठेवलं. "तुम्ही सांगा, ताई. मुलगी कुणाची?"

रौशनने सासूच्या मुठीतल्या पदकाकडे पाहिलं. चाळिसाव्या दिवशी न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून, पाहुण्यांदेखत तिने लेकरू सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं होतं आणि 'ही तुमची' म्हणाली होती. तेव्हा आवाज कापला नव्हता. विशीतली होती, वाटलं होतं, अजून होतील. झाले, दोन मुलगे.

माझी, एवढंच म्हणायचं होतं. म्हातारीच्या देखत.

"अपा म्हणतात तेच," रौशन म्हणाली.

पोराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि कोरा कागद परत खणात ठेवला.

बाहेर आल्यावर कुल्पाश पायरीवरच बसली. "सूनबाई, तोंडातून दुसरं निघेचना गं."

"असू दे, अपा."

"परीक्षेत माझे तीनच गुण गेले," कोर्लान म्हणाली. "तुला तर पैकीच्या पैकी भोपळा." म्हातारीने तिला पाठीत धपाटा घातला, आणि तोच हात तिथे ठेवून रडत राहिली.

मक्पालने तिघींचे चेहरे पाहिले. टेबलाखालची फाइल काढून दिली, वर सहायक नर्सच्या डिप्लोमाचा अर्ज ठेवला. "इथं सेवेची अट नाही. पालकाची सही लागते फक्त."

कुल्पाशने पेन हातात घेतलं. रौशनने सासूच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, सहीची जागा बोटाने दाखवली, आणि कागद हलू नये म्हणून तळव्याने दाबून धरला.