उघडी राहिलेली शीर

माझा खांदा आखडला तेव्हापासून माझी वेणी हे घालतात. हे म्हणजे आमचे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर. भांग असा सरळ काढतात, की जणू त्यावर अक्षरं लिहायची आहेत. वेणीचं मात्र काही विचारू नका. पण दुसऱ्या कुणी माझ्या डोक्याला हात लावलेला मला खपत नाही, अगदी लेकीनंसुद्धा.

एका सकाळी फणी मध्येच थांबली. मी म्हटलं, "अहो, झोपलात की काय?" वळून बघते तर हे भिंतीला टेकून खाली घसरलेले, चेहरा पांढराफटक, आणि फणी माझ्या केसांत तशीच अडकलेली.

हॉस्पिटलात कळलं, यांचं हृदय मधूनमधून चक्क थांबतं. पेसमेकर बसवायलाच हवा, नाहीतर एखाद्या वेळी थांबलेलं पुन्हा सुरूच होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण फटकळ. मला आवडली. मी एवढंच म्हटलं, "यंत्र डावीकडे बसवा. उजव्या हातावर पोट आहे त्यांचं."

"डावीकडेच बसवतो, काकू. खांद्याजवळच्या शिरेतून वायर हृदयात सोडायची, की झालं."

कसलं झालं! बऱ्याच वेळानं ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि बाई एकट्याच बाहेर आल्या. मी बाकड्यावरून ताडकन उठले.

"घाबरू नका, ते शुद्धीत आहेत. पण वायर भलतीकडेच चाललीय. डावीकडे एक मोठी शीर असते, आईच्या पोटात असतानाच ती बुजते. यांची उघडीच राहिलीय. त्यातून गेलं की वायर हृदयाच्या मागून वळसा घालून येते आणि जागेवर टिकत नाही."

"इतकी वर्षं संसार केला, मला एका शब्दानं बोलले नाहीत!"

"त्यांना तरी कुठे माहीत होतं?" बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "डावीकडून मी अजून प्रयत्न करू शकते, पण मघापासून ठोके मंदावत चाललेत. उजवीकडची वाट मोकळी आहे. पण मग यंत्र उजवीकडे बसेल. दीडेक महिना तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. शिडी नाही, पाट्या नाहीत. त्यांना विचारलं, तर म्हणतात, हिला विचारा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छातीला चिरा दिलाय आणि हा माणूस मला विचारतोय! "त्यांना म्हणावं, आधी जगा, मग पाट्या. उजवीकडून करा."

दार मिटलं, आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी मी बाकड्यावर बसून घळाघळा रडले. पाट्यांचं काही नाही हो. तो हात रोज सकाळी माझ्या डोक्यावरून फिरायचा, आणि मीच तो बांधून टाकला होता.

वायर बसली. जीव भांड्यात पडला. दोन्ही खांद्यांना पट्ट्या लावून हे घरी आले. लेक फणी घेऊन पुढे आली तशी मी तिला हाकललं. "राहू दे, मला कोण बघायला येतंय?" थोड्याच दिवसांत डोक्याचं पार घरटं झालं. हे नुसते बघत होते. मग एका सकाळी पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "ये, इथे खाली बस."

"अहो, हात वर न्यायचा नाही!"

"हात कुठे वर नेतोय? तुझं डोकं खाली आण."

गुडघे कुरकुरले, पण मी जमिनीवर बसले, त्यांच्या पायांना टेकून. कोपर बरगडीला चिकटवून त्यांनी फणी घातली. भांग वाकडा येत होता, मला कळत होतं. तरी मी मुकाट बसले, आणि हे माझ्या बाबतीत नवलच.

तेवढ्यात फणी थांबली.

मागे वळायचा धीर होईना. "अहो?" फणी हलेना. "अहो!"

"अगं, ओरडतेस काय? मोठा गुंता आहे, सोडवतोय."

"मग तसं सांगायला तोंड नाही का?" मी खेकसले आणि पदरानं डोळे पुसले. "यापुढे थांबायचं तर बोलत थांबायचं. सांगून ठेवते."

"बरं बाई," हे म्हणाले, आणि वेणी पुरी होईपर्यंत माझ्या डोक्यावर बोलत राहिले. "हा गुंता. सुटला. हा अजून एक. हाही सुटला."